एच-वन रजिस्टर वाचतं कोण?

संपादक महोदय,

चोपडा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात तेवीस वर्षांपासून माझं मेडिकल आहे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. पहिला २०१७ ते २०२१ चा होता. त्यातून काय साधलं, हे माझ्या काउंटरवरून जसं दिसलं तसं लिहितो.

बाजाराच्या दिवशी केळी कापणीवरचे मजूर हप्ता घेऊन येतात. "भाऊ, मांगे दिधी व्हती तीच गोयी दे." चिठ्ठी नसते. डॉक्टरची फी, गाडीभाडं, बुडालेला रोज धरला तर त्यांना दोन गोळ्याच परवडतात. पाच दिवसांचा कोर्स सांगितला की म्हणतात, "दोनच दे, ताप उतरना की बस." मग कात्रीने स्ट्रिप कापायची. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असं सांगणाऱ्या लाल रेघेचा तुकडा कधी त्यांच्याकडे जातो, कधी माझ्याच डब्यात राहतो. कित्येक वर्षं मी अशा गोळ्या दिल्या. ते चुकलं, आणि ते मला अजून टोचतं.

गेल्या वर्षी गावातल्या एका बाईंच्या लघवीचा कल्चर रिपोर्ट, म्हणजे जंतूंवर कुठलं औषध लागू पडतं ते सांगणारा तपास, हातात आला. नमुना जळगावला गेला होता, रिपोर्ट चौथ्या दिवशी मिळाला. औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक 'आर', म्हणजे लागू नाही. 'एस', म्हणजे लागू, अगदी खालच्या दोन ओळींत, तीही इंजेक्शनं. त्यांचे यजमान म्हणाले, "दरवेळी तुमच्याकडनंच नेल्या ना गोळ्या, मग आता का लागू पडत नाहीत?" उत्तर मला ठाऊक होतं, पण तोंडातून शब्द निघेना.

१ मार्च २०१४ पासून एच-वन यादीतल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेल्या औषधांचं रजिस्टर आम्ही ठेवतो. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, नग. सगळं तीन वर्षं जपायचं. तपासणीला येणारे रकाने भरलेत का, ते पाहतात. पण तालुक्यात सेफिक्झिम हे प्रतिजैविक किती खपलं, ही बेरीज आजवर कोणी माझ्याकडे मागितली नाही. आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त मागितली जाणारी प्रतिजैविकाची गोळी, अझिथ्रोमायसिन, त्या मूळ यादीत नव्हतीच! मग आराखड्याचं यश मोजायचं कशावर? कार्यशाळा किती झाल्या, पोस्टर किती लागले, यावर?

केरळने २०१८ मध्येच राज्याचा आराखडा केला आणि २०२४ मध्ये 'ऑपरेशन अमृत' काढून चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या दुकानांवर अचानक तपासण्या केल्या. आम्हा दुकानदारांना असला जाच आवडत नाही, पण तो हवा. मात्र नुसतं दुकान बंद करून भागणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात संध्याकाळी डॉक्टर भेटला, तर मजूर आधी माझ्याकडे कशाला येईल? कल्चरची सोयही तालुक्याला हवी.

जनावरांचंही तेच. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन हे प्रतिजैविक वापरायला केंद्राने २०१९ मध्ये बंदी घातली, निर्णय फार चांगला होता. पण आपल्या नवापूरच्या पोल्ट्र्यांमधून किती नमुने तपासले, त्यांत काय निघालं, हे जिल्ह्यागणिक छापून आलं पाहिजे.

माझी गेल्या तीन वर्षांची रजिस्टरं दुकानात आहेत. बेरीज करायला कोणी येणार असेल, तर दुपारी दोन ते चार गर्दी नसते. मी सोबत बसेन.

आपला,
एक औषधविक्रेता,
ता. चोपडा, जि. जळगाव