'कधीपासून?' हे आधी विचारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

लक्ष न लागणाऱ्या मुलांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराची, लक्षणं त्यात नीट आली आहेत. मात्र मोठा धक्का बसलेलं मूलही थेट तसंच दिसतं, हे सांगायचं राहून गेलं.

एडीएचडीची लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीच सुरू झालेली असावी लागतात आणि ती घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. त्यामुळे चुळबुळ किती, यापेक्षा ती कधीपासून, हे आधी विचारावं. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 40 फुटांची इशारा पातळी गाठली की ज्याची वही कोरी राहते आणि दिवाळीनंतर जो पुन्हा ताळ्यावर येतो, त्याच्या घरी 2019 च्या महापुराची चौकशी करावी. एडीएचडी ऋतू बघून येत नाही. झोपेचंही विचारा. रात्री चारदा दचकून उठणारं मूल दुपारच्या तासाला एका जागी बसणार कसं?

दोन्ही एकत्रही असतं. तेव्हा लक्षासाठीच्या गोळीनं धक्का निवत नाही, आणि धक्क्यावरच्या उपचारानं एडीएचडी जात नाही.

धक्का बसलेल्या मुलांसाठी आघातकेंद्री सीबीटी हा बोलण्यातून, सरावातून होणारा उपचार आहे. त्याची साधारण 12 ते 16 साप्ताहिक सत्रं होतात. निम्मा वेळ मुलासाठी, निम्मा पालकांसाठी. आधी माहिती, श्वास सावकाश सोडायचा सराव, भावनांना नावं देणं. मग घडलेल्या प्रसंगाची वही: पहिल्या पानावर 'मी कोण, मला काय आवडतं', पुढे तो दिवस, थोडा थोडा. प्रत्येक तुकड्याआधी आणि नंतर भीतीला 0 ते 10 पैकी आकडा द्यायचा. लक्ष न टिकणाऱ्या मुलासाठी याचेच दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत, मध्ये उठू द्यावं, लिहायचा कंटाळा असेल तर चित्र काढू द्यावं किंवा त्यानं सांगावं आणि आपण लिहावं.

गाडी अडते ती बहुधा या वहीपाशीच. मूल पेन्सिल टोकरत बसतं, पाणी मागतं, आणि 'याचं लक्षच नाही' म्हणून वही बंद होते. तोच मुलगा लुडोचा डाव पूर्ण खेळत असेल, तर हे टाळणं आहे. तुकडा लहान करा, सोडून देऊ नका. उलट टोकाची चूक म्हणजे पहिल्याच भेटीत 'एकदा सगळं बोलून टाक' म्हणणं. काही ठिकाणी महिनोन् महिने नुसते श्वासाचे व्यायाम चालतात, वही उघडतच नाही, तेही वायाच.

आणि त्रास देणारा माणूस अजून घरात वावरत असेल, तर वहीला हात लावू नये. आधी मुलाची सुरक्षितता. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, समुपदेशकालाही.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक लेखाशेजारी चौकटीत हवा होता. पुढच्या भागात जरूर छापावा.

आपल्या,
दोन बालसमुपदेशक, सांगली