सेंट एडन्सच्या स्वयंसेवक काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याची चुटपुट अजून लागून आहे. तुम्हाला मराठी येत नाही, पण मनापासून आभार मला माझ्याच भाषेत मानता येतात.

माझ्या बाबांची उभी हयात ओपनकास्ट कोळसा खाणीत ड्रिल चालवण्यात गेली. त्या आवाजानं कान गेले. आधी बारीक, चढे आवाज गेले, म्हणजे नेमकी पाखरंच गेली. तरी वेड सुटलं नाही. मागे एका पक्षीनिरीक्षण गटाबरोबर त्यांना नेलं, तर तिथले लोक त्यांच्यादेखत म्हणाले, "ऐकू येत नाही तर आजोबांना आणलंत कशाला?" शब्द कळले नसतील, चेहरे कळले. दोन वर्षं दुर्बीण कपाटात पडून होती. त्या माणसांचा मला आजही राग येतो.

लीड्सजवळच्या तुमच्या सेंट एडन्स पाणथळीवर आलो, ते त्यांना जवळजवळ ओढूनच. वाटेतलं ते खाणीतली माती उपसणारं अवाढव्य ड्रॅगलाइन यंत्र पाहून बाबा थबकले. इथंही खाणच होती, १९८८ मध्ये एअर नदी तिच्यात घुसली, हे तुम्ही सांगितलंत. बाबांनी काय काम केलं तेही विचारलंत, कानातल्या यंत्राकडे एकदा पाहिलंत आणि आम्हाला थेट बोरूच्या बनाकडे नेलंत. बिटर्नसाठी, म्हणजे बोरूत दडून राहणाऱ्या, बगळ्याच्या कुळातल्या पक्ष्यासाठी. १९९७ मध्ये अख्ख्या ब्रिटनमध्ये या पक्ष्याचे घुमणारे नर ११च उरले होते.

बिटर्न घुमतो तो खर्जात. बाबांच्या कानाला खर्ज अजून लागतो, हे मला, पोटच्या मुलीला, कधी सुचलं नव्हतं. घुमण्याआधी तो श्वास भरत दोन-तीनदा हलकेच हुंकारतो. ते हुंकार बाबांपर्यंत पोचत नव्हते. ते आले की तुम्ही बाबांचा खांदा अलगद दाबायचात, आणि पाठोपाठ तो घुमार यायचा. चौथ्या वेळी बाबा ओरडलेच, "अगं, पाळीचा भोंगा!"

ते मोठ्यानं बोलले. तुम्ही "श्श" केलं नाहीत. खांद्यावरचा हातही काढला नाहीत.

पक्ष्यांची शेकडो नावं पाठ असलेली माणसं मी पाहिली आहेत. शेजारच्याला काय ऐकू येतं, हे शोधणारे तुम्हीच पहिले भेटलात.

रात्री बाबांनी जुनी वही काढली. 'पाहिलेले' या रकान्याशेजारी पट्टीनं नवी रेघ आखली, वर 'ऐकलेले' लिहिलं आणि मला बिटर्नचं स्पेलिंग विचारलं.

तुमची,
त्या आजोबांची मुलगी