मराठी समजते, म्हणजे नेमके काय समजते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणासुदीचे दिवस जवळ आले की स्मार्ट स्पीकर आणि मोबाइल फोन यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत पानपानभर येऊ लागतात आणि अलीकडे त्यांत ‘आता आपल्या भाषेत बोला’ अशा अर्थाचे आश्वासन हमखास असते. या आश्वासनाविषयी माझी एक तक्रार आहे आणि तिच्याशी जोडलेली एक मागणी आहे. व्हॉइस असिस्टंटला, म्हणजे बोलून सांगितलेली कामे करणाऱ्या फोन-स्पीकरमधल्या सहायकाला, मराठीत कोणती कामे सांगता येतात आणि कोणती सांगता येत नाहीत, हे खरेदीपूर्वी ग्राहकाला कुठेही सरळ कळत नाही, ही तक्रार. ती माहिती खोक्यावर, मराठीत, कामागणिक छापली जावी, ही मागणी.

हे तंत्रज्ञान अजून बाल्यावस्थेत आहे, थोडा धीर धरा, असे उत्तर नेहमी मिळते. पण ॲपलची सिरी ऑक्टोबर 2011 मध्ये आली, ॲमेझॉनने अलेक्सा 2014 मध्ये आणली आणि गुगल असिस्टंट 2016 मध्ये आला. अलेक्साचे स्पीकर भारतात 2017 मध्ये विक्रीला आले व त्यांना 2019 मध्ये हिंदीची जोड मिळाली. फोनवरच्या गुगल असिस्टंटमध्ये मराठी आल्याची घोषणा तर ऑगस्ट 2018 मधली आहे. इतक्या वर्षांनंतर बाल्यावस्थेची सबब चालण्यासारखी नाही.

आमच्या घरी हे उपकरण हौसेखातर आलेले नाही. माझ्या सासूबाईंना काचबिंदू आहे. समोरचे थोडेफार दिसते, पण फोनच्या गुळगुळीत काचेवरची बारीक चिन्हे शोधणे त्यांना जमत नाही आणि चाचपडून दाबावी अशी बटणे आता फोनला उरलेलीच नाहीत. अशा माणसाला नुसते बोलून फोन लावता आला, औषधाच्या वेळेची आठवण लावून ठेवता आली, रेडिओवरच्या बातम्या ऐकता आल्या, तर त्यांचे किती तरी परावलंबन कमी होईल, या विचाराने नातवंडांनी स्पीकर आणला आणि फोनमधला असिस्टंटही चालू करून दिला. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. त्यांची नावे मी लिहीत नाही, कारण माझे म्हणणे एका कंपनीपुरते नाही.

वेळ विचारली, हवामान विचारले, तर उत्तर चटकन मिळते आणि ते बरोबर असते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. अडचण पुढे सुरू होते. सासूबाई ‘कुलकर्ण्यांना फोन लाव’ म्हणतात, कारण मराठी माणूस तसेच म्हणणार. पण फोनमध्ये नाव ‘कुलकर्णी’ असे आणि तेही रोमन लिपीत साठवलेले असते, त्यामुळे ‘कुलकर्ण्यां’ नावाचे कुणीच सापडत नाही. ‘पावणेसहाला उठव’ म्हटले तर गजर कधी सहाचा लागतो, कधी लागतच नाही. ‘अगं, ते आपलं हे... रक्तदाबाची गोळी आठ वाजता’ असे थांबत थांबत, आठवत आठवत सांगितले, तर मधल्या क्षणभराच्या शांततेतच यंत्राला वाटते की बोलणे संपले, आणि ते अर्धवट वाक्यावर उत्तर द्यायला धावते. स्पीकरची गोष्ट तर आणखी वेगळी, कारण त्याच्याशी हिंदीतच बोलावे लागते आणि सासूबाईंची हिंदी सातारच्या बाजारापुरती आहे.

या सगळ्या चुका मी एक वेळ मान्य करीन, पण चूक झाल्यावर यंत्र जे बोलते, ते मान्य करणे अवघड आहे. आवाज ऐकू आला नसेल, नाव सापडले नसेल, वेळ कळली नसेल किंवा ते काम मराठीत करण्याची सोयच कंपनीने केलेली नसेल, तरी उत्तर एकच: ‘माफ करा, मला ते समजले नाही.’ या वाक्यातून माणसाने काय शिकायचे? सासूबाई दर वेळी आवाज चढवतात, कारण त्यांना वाटते की त्याला ऐकू येत नाही. मग शब्द सुटे सुटे करून, शाळेत धडा वाचावा तशा म्हणतात. आणि शेवटी ‘राहू दे, तूच लाव’ म्हणून फोन माझ्या हातात देतात. जे काम त्या यंत्राला मराठीत मुळात शिकवलेलेच नाही, त्यासाठी एका वृद्ध बाईने स्वतःच्या उच्चारांना दोष देत बसावे, याची मला चीड येते.

असे का होते, हे मी माझ्या परीने समजून घेण्याचा प्रयत्न केला. व्हॉइस असिस्टंट हे एकच यंत्र असल्यासारखे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात ती निरनिराळ्या कामांची साखळी असते. ठरलेली हाक ऐकून जागे होणे हे काम उपकरणातच होते. त्यानंतरचे बोलणे बहुतेक वेळा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. तिथे आधी आवाजाची अक्षरे होतात, मग त्या अक्षरांतून बोलणाऱ्याला काय हवे आहे हे ओळखले जाते, मग ते काम करणाऱ्या ॲपला हुकूम जातो आणि शेवटी उत्तराचा पुन्हा आवाज होतो. यातली भाषेशी संबंधित प्रत्येक पायरी त्या त्या भाषेसाठी स्वतंत्रपणे घडवून तपासावी लागते. आवाजाची अक्षरे करण्याची पायरी मराठीत आज चांगलीच पक्की आहे. गुगलने बोलून टंकलेखन करण्याची सोय मराठीसह आठ भारतीय भाषांमध्ये ऑगस्ट 2017 मध्येच दिली, आणि प्रस्तुत पत्राचा बराचसा मजकूरही मी फोनला तोंडी सांगूनच उतरवला आहे. विरामचिन्हे तेवढी हाताने घालावी लागली. म्हणजे ‘कुलकर्ण्यांना’ हा शब्द फोन अचूक लिहितो, पण त्यातले माणूस कोण हे त्याला ओळखता येत नाही. पहिली पायरी बांधून झाल्यावर पुढच्या पायऱ्यांचे काम रेंगाळले, तरी जाहिरातीत मात्र ‘मराठी उपलब्ध’ असे लिहिले जाते, आणि ते अगदी खोटे आहे असेही म्हणता येत नाही. पळवाट आहे ती इथे.

मराठी अवघड आहे, असेही एक उत्तर ऐकू येते. विभक्तीचे प्रत्यय लागताना नामाचे रूप बदलणे, एक ते शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक अंकाला वेगळे नाव असणे, वर पाव, सव्वा, दीड, अडीच, पाऊण यांचा व्यवहार, हे सगळे आहे खरे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, हे वाचकांना आठवत असेल. परंतु हे अंक मोजके आहेत, सामान्यरूपांचे नियम शालेय व्याकरणाच्या पुस्तकांत छापलेले आहेत, आणि घड्याळातली पावणेसहाची वेळ ही काही कुणा एका तालुक्याची लकब नव्हे. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्यांची अडचण याहून कितीतरी मोठी असणार. तिथे मी कंपन्यांना थोडी सवलत द्यायला तयार आहे. पुण्या-साताऱ्याच्या साध्या बोलण्यासाठी ती मागता येणार नाही.

खरे कारण बहुधा बाजाराचे असावे. 2011 च्या जनगणनेनुसार मराठी ही मातृभाषा सांगणारे लोक सुमारे 8 कोटी 30 लाख होते. जर्मनीची लोकसंख्याही जवळपास तेवढीच आहे. सिरी 2011 मध्ये आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिला इंग्रजी आणि फ्रेंचबरोबर जर्मन येत होते. माणसे तेवढीच, फरक त्यांच्या खिशात आहे. खासगी कंपनीने नफ्याचा हिशेब करू नये असे मी म्हणत नाही, पण मग त्या हिशेबातून जे काम वगळले, ते वगळले आहे असे ग्राहकाला स्वच्छ सांगावे.

मराठी आवाजांचे नमुने मिळत नाहीत, ही सबबही आता लंगडी पडली आहे. केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानासाठी ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला आणि त्यात ‘भाषादान’ या नावाने नागरिकांकडून आवाजाचे व मजकुराचे नमुने मागवले. मद्रास आयआयटीच्या ‘एआय फॉर भारत’ या केंद्रानेही भारतीय भाषांचे आवाज गोळा करून ते संशोधनासाठी खुले केले आहेत. मोझिला या संस्थेच्या ‘कॉमन व्हॉइस’ या खुल्या आवाजसंग्रहातही मराठी आहे. लोकांनी आपले आवाज फुकट दिले आहेत. त्यांचा उपयोग करून घेण्याची इच्छा तेवढी कंपन्यांनी दाखवायची आहे.

नव्या पिढीचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक हे सगळे प्रश्न सोडवतील, असे आमच्या घरातली तरुण मंडळी म्हणतात. त्यात तथ्य आहे. गुगलचे जेमिनी ॲप भारतात जून 2024 मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांमध्ये उपलब्ध झाले, आणि अशा सहायकांची मराठी जुन्या असिस्टंटपेक्षा पुष्कळच सफाईदार आहे. पण सफाईने बोलणे आणि सांगितलेले काम करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आम्ही वापरून पाहिलेल्या अशा एका सहायकाने ‘हो, आठवण लावली आहे’ असे शुद्ध मराठीत सांगितले आणि प्रत्यक्षात कोणतीही आठवण लागलेली नव्हती. जुने यंत्र निदान ‘समजले नाही’ तरी म्हणत होते! औषधाच्या बाबतीत हा गोडवा धोक्याचा आहे.

शिवाय आज असलेली सोय उद्या असेलच याचीही शाश्वती नसते. जानेवारी 2024 मध्ये गुगलने असिस्टंटमधल्या, फारशा वापरल्या न जाणाऱ्या 17 सुविधा बंद करत असल्याचे जाहीर केले. मार्च 2025 मध्ये तर फोनवरच्या असिस्टंटची जागाच पुढे जेमिनी घेईल असे सांगितले. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले कोर्टाना हे आपले असिस्टंट ॲप 2023 मध्ये गुंडाळले. कंपन्यांना असे निर्णय घ्यावे लागतात, हे मान्य. पण ते जाहीर होतात इंग्रजी संकेतस्थळांवर, आणि ज्या माणसाने वाचता येत नाही म्हणूनच बोलण्याचा मार्ग पत्करला, त्याला ते कोण वाचून दाखवणार? कालपर्यंत चालणारा हुकूम आजपासून चालणार नाही, हे त्याच यंत्राने, त्याच माणसाला, त्याच्याच भाषेत बोलून सांगायला काय हरकत आहे?

हा प्रश्न गाणी लावण्यापुरता राहिलेला नाही, म्हणून एवढे लांबलचक लिहीत आहे. बोलून पैसे पाठवण्याची ‘हॅलो यूपीआय’ ही सोय राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने सप्टेंबर 2023 मध्ये जाहीर केली, तीही आरंभी हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत. किरकोळ ग्राहकांसाठीचे छापील साहित्य हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषा अशा तिन्ही भाषांत ठेवावे, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. व्यवहार कागदावरून आवाजावर जाताना ती तिसरी भाषा वाटेत गळणार असेल, तर त्याकडे आत्ताच लक्ष द्यायला हवे.

कायद्याचा आधार शोधायला फार लांब जावे लागत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार महत्त्वाची माहिती जाणीवपूर्वक लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 43 मध्ये सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंना सरकारने चालना द्यावी असे म्हटले आहे. वैधमापनाच्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या 2011 च्या नियमांनुसार खोक्यावरची माहिती देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असणे पुरेसे आहे, पण त्याखेरीज अन्य भाषेत ती देण्यास मनाई नाही. कंपन्यांनी मनावर घेतले तर नियम बदलण्याची वाट पाहावी लागणार नाही. फोन लावणे, संदेश पाठवणे व वाचून दाखवणे, गजर, आठवण, बातम्या, पैसे पाठवणे, घरातले दिवे-पंखे, अशी दहा-बारा कामे आणि प्रत्येकासमोर मराठीत ‘होते’ की ‘होत नाही’, एवढाच तक्ता खोक्याच्या एका बाजूला सहज मावतो. राज्य सरकारने मार्च 2024 मध्ये मराठी भाषा धोरण मंजूर केले आहे. त्याला धरून मराठी भाषा विभागाने ही उपकरणे दरवर्षी तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले, तर कंपन्यांवर आपोआप दडपण येईल.

एक विनंती आपल्या दैनिकालाही आहे. आपल्या तंत्रज्ञानविषयक सदरात नव्या फोनचा कॅमेरा, बॅटरी आणि किंमत यांची तपशीलवार चिकित्सा असते, स्पीकरच्या आवाजाचा दर्जाही सांगितला जातो. पण या उपकरणांशी मराठीत बोलून पाहिल्याचा उल्लेख माझ्या तरी वाचनात आलेला नाही. यापुढे परीक्षणासाठी आलेल्या प्रत्येक उपकरणाला आपल्या प्रतिनिधीने पावणेसहाचा गजर लावायला सांगावे, एखाद्या आडनावाला प्रत्यय जोडून फोन लावायला सांगावे, मधे थोडे थांबून एखादी आठवण सांगावी, आणि जे घडेल ते छापावे. शक्य झाल्यास ही चाचणी सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीकडून करून घ्यावी.

आपली विश्वासू,
एक वाचक, सातारा