विषय: मागच्या गटातील ८४ फ्लॅटना आपल्या गल्लीतून वाट देण्यास हरकत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
बार्शी रोड, लातूर.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या संस्थेच्या मागच्या गटात, म्हणजे जमिनीच्या तुकड्यात, दोन इमारती, एकूण ८४ फ्लॅट होणार असून त्यांची येण्याजाण्याची वाट आपल्या अंतर्गत रस्त्यावरून काढायची, आणि त्यासाठी समितीने 'ना हरकत' द्यायची, असे ठरत आल्याचे कळते. 'कळते' असेच लिहावे लागते, कारण नोटीस बोर्डावर अजून गेल्या वर्षीच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशेब लटकतो आहे. याच विषयावरच्या आधीच्या अर्जांवर पोचेचा शिक्का मिळाला, उत्तर मिळाले नाही. आदर्श उपविधींनुसार सभासदाची लेखी तक्रार पुढच्याच समिती सभेत घ्यायची असते आणि निर्णय त्यानंतर १५ दिवसांत कळवायचा असतो. उपविधींची प्रत ऑफिसच्या कपाटात आहे.

फ्लॅटना विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. नाहीतर 'यांना कुणाचं चांगलं बघवत नाही' हे सुरू होईल. मालकाने आपल्या जागेत नियमाने खुशाल बांधावे. प्रश्न वाटेचा आहे.

आपला रस्ता मंजूर रेखांकनात (लेआऊटमध्ये) ६ मीटरचा आहे. एका बाजूची उघडी नाली आणि दुसऱ्या बाजूचे ओटे-रॅम्प वजा केले की गाडीला ५ मीटर उरतात. त्यात एक कार कडेला उभी असेल तर ३.२. एवढ्यात समोरासमोर आलेल्या दोन कार निघत नाहीत. एकीला मागे जावेच लागते.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एफएसआय, म्हणजे जागेच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते ते, समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर प्रीमियमचा (शासनाला पैसे भरून) आणि टीडीआरचा (दुसरीकडचे विकास हक्क घेऊन) जादा एफएसआय मिळत नाही. मग या ८४ फ्लॅटच्या नकाशावर रस्ता कोणता दाखवला आहे? गटाच्या पश्चिमेला १८ मीटरचा डीपी रस्ता (शहराच्या विकास आराखड्यातला) आहे, पण तो कागदावर. जागेवर बाभळी आहेत. मंजुरी त्या रस्त्यावर घ्यायची आणि गाड्या मात्र आपल्या गल्लीतून काढायच्या, असा हिशेब असेल तर समितीने त्याला शिक्का देऊ नये. तसा नसेल, तर नकाशा सभेत ठेवा. बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणीसोबत मंजूर नकाशाही टाकावा लागतो, त्यामुळे आज ना उद्या तो सगळेच बघणार आहेत.

'लेआऊटचा रस्ता शेजारच्या जमिनीला द्यावाच लागतो' असे एक समिती सदस्य सांगत फिरतात. रस्ता हद्दीपर्यंत नेलेला असेल तिथे ते ठीक आहे. आपला रस्ता ओपन स्पेसपाशी संपतो. पुढे जायचे तर ओपन स्पेसचा पट्टा कापावा लागेल, आणि रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडलेली असते ती मुलांसाठी आणि झाडांसाठी, हायवा डंपरसाठी नव्हे.

आता गाड्यांचा हिशेब. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मोजमापात कार १ युनिट धरतात आणि दुचाक्या जास्त असलेल्या रस्त्यावर दुचाकी ०.७५. सकाळी साडेनऊ ते साडेदहा प्रत्येक फ्लॅटमधून एक दुचाकी आणि दोन फ्लॅटमागे एक कार निघाली, तर ६३ अधिक ४२ म्हणजे १०५ युनिट. शाळेच्या व्हॅन आणि ट्यूशनला सोडायच्या गाड्या यात नाहीत. १०५ म्हणजे फार नाही, असे आपले इंजिनिअर सदस्य म्हणतील. सरळ रस्त्यावर ते खरेही आहे. घोळ आपल्या गल्लीच्या बार्शी रोडवरच्या कमानीपाशी आहे.

या ८४ दुचाकी आणि ४२ कार मिळून १२६ गाड्या, म्हणजे साधारण २९ सेकंदांना एक. बार्शी रोडवर उजवीकडे वळायला कारला निदान सहा-सात सेकंदांची फट लागते. गाळपाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर समोरून पूर्ण जायलाच चार-पाच सेकंद घेतो, त्याच्यामागे गाड्यांची रांग असते. तोवर कार कमानीत उभी. तिच्या मागच्यांना डावीकडे वळायचे असले तरी बाजूने जागा नाही, आणि बाहेरून आत येणाऱ्याला शिरता येत नाही, म्हणून तो बार्शी रोडवरच थांबतो. मागून येणाऱ्या ट्रकला ते दिसते फार उशिरा. इथे अपघात व्हायला १०५ युनिटही लागत नाहीत, चुकीच्या वेळी थांबलेली एक गाडी पुरते.

त्यातच प्लॉट क्र. ४ समोरचा ४०७ टेम्पो कमानीपासून दहा मीटरच्या आत उभा असतो. वळणाजवळ गाडी उभी करू नये हे लायसन्सच्या परीक्षेत विचारतात. याची तक्रार केली तेव्हा समितीने काय केले, तर मधल्या गल्लीत दोन स्पीड ब्रेकर बांधले! तेही एक फूट रुंद आणि अर्धा फूट उंच. मानकाप्रमाणे गोलाकार ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. आपल्या ब्रेकरवर कारचे पोट घासते आणि टेम्पो जागेवरच आहे.

बांधकामाच्या काळाचा विचारही कुणी केलेला दिसत नाही. १,२०० चौरस मीटरवर अडीच मीटर खोदाई धरली तर ३,००० घनमीटर, म्हणजे सुमारे १,०६० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती. मोकळी झाली की ती सव्वापट होते. पाच ब्रासच्या हायवाने २६५ फेऱ्या, आणि तेवढ्याच रिकाम्या परत. नंतर खडी, सळई, विटा, ६ घनमीटरचे मिक्सर. भरलेली हायवा २८ टनांच्या घरात जाते. आपला रस्ता म्हणजे काळ्या मातीवर खडी आणि वर २० मिलिमीटरचे डांबरी कार्पेट. आसावरचे वजन दुप्पट झाले की रस्त्याचे नुकसान जवळपास सोळापट होते. पावसाळ्यात माती फुगलेली असताना कडा आधी बसतात, आणि कडेखालून दीड-दोन फुटांवर आपली पाण्याची लाइन गेली आहे.

पाण्यावरून आठवले. ८४ घरे, चार माणसे, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ४५,००० लिटर. उन्हाळ्यात बोअर आटले की १० हजार लिटरचे रोज चार-पाच टँकर. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या गावात बोअर आटणार नाहीत असे कुणी सांगू नये. टँकर रिकामा होईपर्यंत गल्ली बंद.

वाहतुकीचा अभ्यास नगररचना विभाग मागेल, या भरवशावरही राहू नका. असा अभ्यास मागतात तो पर्यावरण मंजुरीत, ती २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे लागते आणि हा प्रकल्प त्याच्या बराच खाली आहे. म्हणून तुमच्या एका सहीला एवढे वजन आहे. मागच्या ओळीतल्या जवळपास सगळ्या सभासदांचे हेच म्हणणे आहे. संबंध बिघडू नयेत म्हणून ते अर्जावर सही करत नाहीत, एवढेच.

तरी विनंती की, 'ना हरकत' देऊ नये. दिली असेल तर ठरावाची प्रत द्यावी. डीपी रस्ता जागेवर होईपर्यंत बांधकामाची वाहनेही आपल्या कमानीतून सोडू नयेत. आणि हा विषय विशेष सर्वसाधारण सभेत घ्यावा. सहकार कायद्याच्या कलम ७६ प्रमाणे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर एका महिन्यात सभा बोलवावीच लागते. ती वेळ आणू नये.

कळावे,
आपला,
सभासद, प्लॉट क्र. १७

ता. क. – टेम्पो या रविवारपर्यंत हलवावा. त्यासाठी कुठल्याही सभेची गरज नाही.