पालकमंत्री साहेब, येळवशीनंतर पाच संध्याकाळी गोलाई उजळू द्या

मा. पालकमंत्री साहेब, लातूर जिल्हा,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी लातूरचा लायटिंगवाला. लग्न, गणपती, नवरात्र, उर्स, जयंती, जिथं कुठं माळा लागतात तिथं माझी पोरं शिडीवर चढलेली असतात, एकोणीस वर्षं झाली या धंद्यात. हे पत्र टेंडरसाठी लिहीत नाही हे आधीच सांगतो, काम कुणालाही द्या, मला त्यातला एक होल्डरसुद्धा लावायचा नाही. पण बरीच वर्षं मनात असलेली गोष्ट आता बोलून टाकावी असं वाटलं म्हणून लिहितोय.

मागणी एकच आहे. येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, झाली की दुसऱ्या दिवसापासून पाच संध्याकाळी, सहा ते दहा, गंजगोलाईत गाड्या बंद ठेवा आणि तिथं प्रकाशाचा उत्सव करा. माझ्या डोक्यात लग्नातली रोषणाई नाहीये, मी म्हणतोय ते प्रकाशाचं कलाकाम, जे बघायला माणूस लेकराला खांद्यावर घेऊन येतो आणि तासभर नुसता फिरत राहतो.

गोलाईच का ते सांगतो. १९१७ साली, निजामाच्या राज्यात, फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं ती आखली, मधे देवीचं मंदिर, भोवती दुमजली गोल इमारत आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. सोनं घ्यायचं तर सराफ लाईन, साडी घ्यायची तर कापड लाईन, डाळ-धान्याला भुसार लाईन, चपलेचं वेगळं, मिरचीचं वेगळं, गुळाचं वेगळं. आता आमच्या धंद्याच्या नजरेनं बघा, मधे उभं राहिलं की चारी बाजूंनी इमारतच दिसते, म्हणजे प्रकाश टाकायला भिंत आहे, माणसांना फिरायला गोल आहे, यायला-जायला सोळा वाटा आहेत, चेंगराचेंगरीची भीती कमी. अशी जागा नव्यानं बांधायची म्हटलं तर आज कुणाला जमणार नाही, आणि आपल्याकडं ती शंभर वर्षांपासून उभी आहे. पण आत्ता संध्याकाळी सातला तिथं जाऊन वर बघा. इमारत दिसतच नाही साहेब! बोर्ड दिसतात, फ्लेक्स दिसतात, हॅलोजनचा भपका आणि वायरींचं जाळं दिसतं. माझी मुलगी नववीत आहे, लहानपणापासून आईबरोबर बाजाराला गोलाईत जाते, तिला परवा विचारलं की वरचा मजला कसा आहे गं, तर तिला सांगता आलं नाही. तिची काही चूक नाही, आम्ही तिला तो कधी दाखवलाच नाही.

आता जपानची गोष्ट. माझा भाचा तिकडं ओसाकाला नोकरीला आहे, त्यानं एकदा जवळच्या कोबे शहरातनं व्हिडिओ कॉल लावला. पुढं रस्ता आणि रस्त्यावर एकामागं एक प्रकाशाच्या कमानी, लाकडी सांगाड्यावर हजारो रंगीत दिवे, खिडकीच्या जाळीसारखी नक्षी, आणि खालून माणसं अगदी शांत चालत चाललेली. मी धंद्यातला माणूस, पहिल्यांदा सांगाडाच बघितला, जोड कुठं दिलाय, वायर कुठनं फिरवलीय. मग भाच्यानं सांगितलं की मामा, हे भूकंपाचं आहे. कोबेत १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली. त्याच वर्षी डिसेंबरात इटलीनं भेट दिलेल्या दिव्यांनी हे पहिल्यांदा उजळलं, गेलेल्यांच्या आठवणीसाठी आणि राहिलेल्यांना धीर यावा म्हणून. एकदाच करायचं ठरलेलं होतं, पण लोकांनी बंद करू दिलं नाही. येणाऱ्याला शंभर येन टाका म्हणतात, आणि अशा वर्गणीच्या मदतीनं ते चालत आलंय. कोरोनात काही वर्षं थांबलं, २०२४ पासून जानेवारीत भरतं.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसलो होतो. कारण ३० सप्टेंबर १९९३ ला मी चौदा वर्षांचा होतो. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली, भांडी पडायला लागली, आण्णांनी आम्हाला ओढून बाहेर काढलं, लाईट गेलेली, अख्खी गल्ली अंधारात उभी आणि कुणाचा चेहरा कुणाला दिसेना. उजाडल्यावर किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्या. लातूर आणि धाराशिवमधली ५२ गावं दुसरीकडं वसवावी लागली, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातलं एक घर माझ्या आईच्या मामाचं होतं. आई आजही अंधारात झोपत नाही. झिरोचा एक बल्ब रात्रभर चालू असतो, लाईट गेली की उठून बसते.

कोबेच्या भूकंपाच्या सव्वा वर्ष आधी आपला भूकंप झाला साहेब. तिकडं दरवर्षी दिवे लागतात आणि आपण ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभावर मानवंदना देतो. ती हवीच, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आज पंचविशीत असलेल्या पोराला किल्लारी म्हणजे पुस्तकातली एक ओळ झालीय. म्हणून गोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी एक रस्ता पाचही संध्याकाळी ५२ दिव्यांचा ठेवा. एका गावाचा एक दिवा, खाली गावाचं नाव, आणि तो लावायला त्याच गावचं माणूस. त्या रस्त्यावर गाणं नको, भाषण नको, दुसरा लाईट नको.

बाकीचे पंधरा रस्ते आनंदाचे ठेवा, लेकरांना हसू द्या, ते पण पाहिजेच.

येळवशीनंतरच का, हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही पण तुम्हाला समजेल. येळवशीला लातूर शहर रिकामं होतं, कलेक्टर साहेब स्थानिक सुट्टी देतात, गोलाईत दुपारी संचारबंदी लागल्यासारखं असतं, सगळे शेतात. कडब्याची कोप, तिच्यात पुजलेले पाच पांडव, भज्जी, उंडे, आंबील, आणि अंधार पडायला लागला की हेंडगा! कडब्याची पेंढी पेटवून आमचे चुलते ज्वारीच्या कडेनं पळायचे, आम्ही पोरं ओरडत मागं मागं, अमावस्येचा काळाकुट्ट अंधार, आसपासच्या शेतातनं पण असेच जाळ फिरताना दिसायचे, लांबनं वाटायचं चांदण्याच शिवारात उतरल्यात. साहेब, माझ्यासाठी प्रकाशाची कला म्हणजे तीच. फ्रान्समधल्या लियोंमध्ये ८ डिसेंबर १८५२ ला लोकांनी आपापल्या खिडकीत मेणबत्त्या लावल्या, त्यातनं त्यांचा उत्सव सुरू झाला आणि आज चार रात्री सगळं शहर रस्त्यावर असतं. सुरुवात तिथंही घराघरातनंच झाली होती. आपल्याकडं तर हेंडगा आहे, दीपमाळ आहे, त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे आहेत, म्हणून उगीच कुठल्या तरी मॉलची नक्कल आणून उभी करू नका एवढंच सांगायचंय. प्लास्टिकची हरणं आणि आय लव्ह लिहिलेली अक्षरं आता गावोगाव झाली, त्यात लातूरचं काय आहे?

आता कामाचं. हेंडगा गोलाईत खरा पेटवायचा नाही, कापडाचं दुकान शेजारी आहे, एवढं मलाही समजतं. पण वीस-पंचवीस पोरांनी हातात एलईडीच्या काठ्या घेऊन मंदिराभोवती पळायचं, बाकी सगळे दिवे बंद, एवढंसुद्धा बघणाऱ्याच्या अंगावर काटा आणेल. इमारतीवर चित्र टाकायचं असेल तर त्याला प्रोजेक्शन मॅपिंग म्हणतात, भिंतीचं माप घेऊन, कुठं खिडकी कुठं खांब हे कॉम्प्युटरवर बसवून मग प्रोजेक्टरनं चित्र टाकतात, म्हणजे ते खिडकीतनंच उगवल्यासारखं दिसतं. त्याला अंधार लागतो. अंधार नसेल तर दोन कोटींचा प्रोजेक्टर पण फिका पडतो. म्हणून पहिलं काम दिवे लावायचं नाही तर दिवे आणि फ्लेक्स काढायचं आहे, आणि हे तुमच्या शब्दाशिवाय होणार नाही, कारण फ्लेक्सवर सगळ्या पक्षांचे फोटो असतात.

विजेचं म्हणाल तर हिशोब करून दाखवतो. आमच्या जुन्या माळांना झिरोचे बल्ब असायचे, नाव झिरो पण एकेक पंधरा वॉट खायचा, असे दहा हजार लावले तर दीडशे किलोवॅट लोड आणि चार तासात ६०० युनिट. आताचा एलईडी दाणा अर्ध्या वॉटचा धरा, दहा हजार दाण्यांना ५ किलोवॅट, चार तासात २० युनिट. एवढ्यात पूर्ण गोल सजतो. प्रोजेक्टरचं वेगळं, पण ते दोन-तीन असतील. महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घ्या, आकडा टाकून एकही माळ लागू देऊ नका, अर्थिंग नीट करा, दिवे टांगायच्या लोखंडी सांगाड्याला हात लावला तरी शॉक बसू नये म्हणून प्रत्येक लाईनला ट्रिप होणारा स्विच बसवा. हे मी कळवळून सांगतोय, कारण एका गावात, नाव घेत नाही, माझ्या डोळ्यादेखत भिजलेल्या मंडपाच्या पाईपला चिकटून एक कोवळा पोरगा मरता मरता वाचला, आणि त्याला सोडवणारा मी होतो. स्वस्तातला ठेकेदार सगळ्यात आधी अर्थिंगचेच पैसे वाचवतो.

शार्पी, म्हणजे डोळे दिपवणारा झोताचा लाईट, आणि लेझर तर अजिबात नको. मिरवणुकीत लेझरनं डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या घटना आपल्या राज्यात घडल्यात, लेकरं वर बघणार आहेत, त्यांच्या डोळ्याशी खेळ नको. डीजे पण नको. संबळ, हलगी, वासुदेव, भारूड, आपल्याकडं कमी आहे का. आणि बरोबर दहाला सगळं बंद, देवळाच्या आसपास राहणारी माणसं आहेत, पाखरं आहेत, त्यांना पण रात्र पाहिजे.

हातगाडीवाल्यांना हाकलू नका ही कळकळीची विनंती. शहर सुंदर करायचं म्हटलं की पहिला दणका त्यांच्यावर बसतो. त्यांना एका रस्त्यावर ओळीत जागा द्या, प्रत्येक गाड्याला एकसारखा कंदील द्या, हुरडा, उकडलेल्या शेंगा, बोरं, गरम दूध, थंडीत माणूस तिथंच जास्त वेळ थांबणार आहे. दुकानदार आधी कुरकुर करतील, गाड्या बंद म्हणजे गिऱ्हाईक बंद असं त्यांना वाटतं, त्यांना बसवून समजवावं लागेल, मी यायला तयार आहे.

आणि लातूर पॅटर्नची लेकरं. परभणी, नांदेड, बीड, हिंगोली, कुठनं कुठनं आलेली, हजारोंनी, दिवसभर क्लास आणि रात्री रूमवर एकटी. त्यांच्यासाठी या शहरात संध्याकाळी फुकट जाऊन उभं राहावं अशा जागा किती आहेत हो? प्रकाशाचं परावर्तन, अपवर्तन सगळं त्यांना तोंडपाठ आहे, एक रस्ता त्यांना देऊन टाका, आरसे, लोलक, भिंगं घेऊन त्यांना काय करायचं ते करू द्या. गेल्या वर्षी शेजारच्या रूमवरच्या एका मुलीला मी उरलेली माळ दिली, तिनं ती पाण्याच्या बाटल्यांत घालून खिडकीत लावली, तर माझी आई रस्त्यावर उभी राहून बघत होती, म्हणाली, "किती चांगलं दिसलालंय की रे."

पैशाचं मला फार कळत नाही, पण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तुम्हीच असता आणि जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण कामासाठी वाटा असतो एवढं माहीत आहे. पहिल्या वर्षी पाचच रस्ते करा, प्रोजेक्टर नको, नुसते दिवे आणि ५२ गावांची लाईन. जमलं तर पुढं वाढवा. पैसे कमी पडले तर डबा ठेवा, दहा दहा रुपये लोक टाकतील, मी दरवर्षी गणपतीच्या वर्गणीत बघतो.

आधी खात्री करायची असेल तर कुठल्याही सोमवारी संध्याकाळी सातला गोलाईत या. मी मंदिराच्या समोरच्या एका लाईनीत माळा लावून ठेवतो, वायर, होल्डर, शिडी, पोरं सगळं माझं, एक रुपया लागणार नाही. तुम्ही फक्त त्या लाईनीतले हॅलोजन अर्धा तास बंद ठेवायला सांगा. आईला पण घेऊन येतो.

आपला,
लातूरचा एक लायटिंगवाला