बंदर बंद पडलं नाही, आमच्या गाठी बंद झाल्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत मुंबईच्या क्रूझ टर्मिनलचे फोटो बघितले. फोटो झकास, त्याबद्दल तक्रार नाही. पण खाली जे छापलंय की बंद पडलेल्या बंदरात आता पुन्हा जीव आला, ते काही पटलं नाही, म्हणून लिहायला बसलो. मोबाईलवर टाईप करतोय, ऱ्हस्व-दीर्घाचं तुम्हीच बघून घ्या.

आता कुणी म्हणेल सोलापूरच्या माणसाला समुद्रातलं काय कळतंय. खरंय. आमच्याकडं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव नाहीतर पेपरात रोज येणारी उजनीची टक्केवारी, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातला माणूस बंदरावर पत्र लिहितोय म्हणजे गंमतच. पण मी १९८३ पासून टॉवेल-चादरीच्या एक्स्पोर्टमध्ये क्लार्क होतो, पुढं शिपिंगचं सगळं काम माझ्याच गळ्यात पडलं, आणि सोलापूरची चादर आखाती देशात कशी पोचते ते मी गोदीत उभं राहून बघितलेलं आहे.

तेव्हा माल म्हणजे गाठ. टॉवेल मोजून, प्रेसमध्ये दाबून, वरून गोणपाट शिवून, लोखंडी पट्ट्या मारायच्या. मग पत्र्याचं स्टेन्सिल ठेवून काळ्या शाईनं गाठीचा नंबर, वजन, कुठल्या बंदराला जायचं ते नाव, आणि शेवटी ठळक इंग्रजीत 'यूज नो हुक्स', म्हणजे आकडा लावू नका. ही ओळ मी स्वतः रंगवायचो, आणि गोदीत गेल्यावर पहिल्यांदा काय दिसलं असेल तर आमच्याच गाठीत बरोबर त्या ओळीवर खुपसलेला आकडा. मी ओरडलो तर तो गोदी कामगार, साताऱ्याकडचा होता, हसून म्हणाला, "पाव्हणं, हातानं उचलून दावा की एक." गाठ शंभर किलोच्या वर. मी गप्प बसलो.

गाडी सोलापुरातनं संध्याकाळी सुटायची, मी रेल्वेनं पुढं जायचो. पिशवीत शिपिंग बिलाच्या, म्हणजे कस्टमला द्यायच्या निर्यातीच्या कागदाच्या, कॉप्या आणि शेंगाचटणीचे दोन डबे, एक कस्टमचं काम करून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसातल्या माणसाला आणि एक शेडमधल्या. लाच म्हणा, प्रेम म्हणा, कागद हलायचा. कडक भाकरी माझ्यासाठी. गोदीच्या गेटवर पास, मग गाडी लाईनीत उभी, कधी एक दिवस, कधी तीन दिवस, ड्रायव्हर गाडीखाली गोधडी टाकून झोपायचा. आत गेलं की शेडमध्ये माल उतरवायचा, कस्टमचं बघणं, मग जहाज धक्क्याला लागलं की दोराच्या स्लिंगमध्ये एका वेळी मोजक्या गाठी उचलून हॅचमधनं जहाजाच्या पोटात सोडायच्या, इकडं जहाजाचा टॅली क्लार्क, म्हणजे गाठी मोजणारा, पेन्सिलनं रेघा मारतोय, तिकडं आमचा. एक जहाज भरायला दिवसच्या दिवस जायचे.

एकदा जूनमध्ये शेड भरलेलं होतं म्हणून आमच्या गाठी बाहेर ताडपत्रीखाली ठेवल्या आणि रात्री पाऊस झाला. अकरा गाठी भिजल्या. आता बघा याचा परिणाम कुठपर्यंत जातो. जहाजावरचा अधिकारी माल मिळाल्याची जी पावती देतो, मेट रिसीट, तिच्यावर त्यानं लिहिलं गाठी ओल्या. ते जसंच्या तसं बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या जहाज कंपनीच्या कागदावर, आलं. आणि एल.सी., म्हणजे पैशाची बँकेची हमी, असेल तर बँकेला शेरा नसलेलं बिल ऑफ लेडिंग लागतं, बँकेनं कागद परत केले. अकरा गाठींपायी सगळ्या मालाचे पैसे अडीच महिने अडकले आणि ऑफिसात सगळ्यांनी मला असं बघितलं जसा काय पाऊस मीच पाडला. क्लेमचं काय झालं ते विचारू नका.

हे का सांगतोय, तर जुन्या गोदीच्या आठवणी काढून गळा काढणाऱ्यातला मी नाही. त्या पद्धतीत आमचे हाल होते. १९८९ साली खाडीपलीकडचं न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि पुढं काही वर्षांत आमच्या मालकानं ठरवलं की आता सगळं कंटेनरनं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. वीस फुटी डबा अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या दारात येतो, आम्ही आमच्या हातानं भरतो, सील लागतं, रात्री निघाला की सकाळी पनवेलच्या अलीकडंच वळून थेट बंदरात, मुंबई शहरात शिरायचं काम नाही. ना आकडा, ना ताडपत्री, ना शेंगाचटणी. पुढं पुढं तर मला मुंबईला जायचं कारणच उरलं नाही, वर्षाला एखादी ट्रिप, ती पण लग्नाबिग्नाला.

लोक सरसकट म्हणतात युनियननं बंदर घालवलं. आमच्या ऑफिसात पण हेच म्हणायचे, चहा पिता पिता. युनियनवाले आडमुठे नव्हते असं मी म्हणत नाही, मी भोगलंय. पण एक साधा हिशोब करा. मुंबईची सगळ्यात मोठी गोदी म्हणजे इंदिरा डॉक, १९१४ साली बांधून पूर्ण झाली तेव्हा नाव अलेक्झांड्रा डॉक. आत पाणी कायम एका पातळीला राहावं म्हणून तोंडाशी दरवाजे असलेलं लॉक आहे, जहाज त्यातनंच आत जाणार. हे लॉक साडेसातशे फूट लांब आणि शंभर फूट रुंद, म्हणजे साधारण साडेतीस मीटर. १९१४ च्या मानानं प्रचंडच. पण पनामा कालव्यातनं जेमतेम जाणारी जी कंटेनर जहाजं पुढं सगळीकडं झाली ती बत्तीस मीटर रुंद. दीड मीटरनं हुकलं! आता सांगा, कामगारांनी दिवसरात्र घाम गाळला असता, संप केला नसता, तरी साडेतीस मीटरच्या दारातनं बत्तीस मीटरचं जहाज आत कसं गेलं असतं? आज न्हावा शेव्याला साडेतीनशे मीटरपेक्षा लांब जहाजं लागतात. आणि ते बंदर बांधलंच मुळी मुंबईचा भार हलका करायला. म्हणजे बंदर मेलं नाही, जाणूनबुजून खाडीपलीकडं नेलं. आता तिथं वर्षाला ७० लाखांच्या वर कंटेनर होतात, वीस फुटी हिशोबानं. आमच्या जिल्ह्यातली करमाळ्याकडची केळी, सांगोल्याचं डाळिंब, सगळं तिकडनंच जातं.

आणि दुसरी गोष्ट, जी त्या फोटोखाली लिहिणाऱ्याला माहीत नसावी. मुंबई बंदरातनं होणाऱ्या मालाचा आकडा आजही वर्षाला ६ कोटी टनांच्या वर आहे. बंद पडलेलं बंदर म्हणे! पण त्यातलं निम्म्याहून जास्त तेल. जवाहर द्वीप आणि पिरपावच्या धक्क्यांना टँकर लागतात आणि पाईपातनं माहुलच्या रिफायनऱ्यांना जातं. पाईपाला माणूस लागतो किती? मोटारगाड्या जातात, स्टील येतं, हे पण आहे. गेला तो हातानं हाताळायचा माल. गाठी, पोती, खोके, पेट्या. त्याच्याबरोबर गेले टॅली क्लार्क, मुकादम, माल उचलायचं विंच चालवणारे, गोणपाट शिवणारे, गेटबाहेरचा चहावाला, आणि आमच्यासारख्यांना रात्री आडवं व्हायला जागा देणारी ती भिंतीला भिंत लागलेली छोटी लॉज. टनाच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही, म्हणून एक जण म्हणतो बंदर जोरात चाललंय, दुसरा म्हणतो बंद पडलं, आणि दोघांचंही अर्धंच बरोबर.

आता आणखी दोन जुन्या गोद्यांचं बघा. प्रिन्सेस डॉक १८८० ची. तिच्या शेजारची व्हिक्टोरिया डॉक. १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला तो या व्हिक्टोरिया डॉकमध्ये, त्या जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकाच पोटात. माझे वडील सोलापूरच्या 'जुनी मिल'मध्ये ब्लो रूमला, म्हणजे कापूस मोकळा करायच्या खात्यात, होते, ते म्हणायचे कापसाची आग दिसत नाही, गाठीच्या आत धुमसत राहते, वरून पाणी मारून विझली असं वाटतं आणि तासानं पुन्हा धूर. हे मिलमधल्या पोराला पण माहीत आणि जहाज भरणाऱ्याला नसेल? अग्निशमन दलाची ६६ माणसं त्या दिवशी गेली. त्या दोन्ही गोद्या अलीकडच्या काळात भराव टाकून बुजवल्या, कशासाठी तर नवीन कंटेनर टर्मिनलच्या मागं डबे ठेवायला जागा पाहिजे म्हणून. आणि ते कंटेनरचं ठरल्यासारखं झालंच नाही. म्हणजे पाणी पण गेलं आणि कंटेनर पण नाही.

माझी भीती इथंच आहे. हा पिक्चर आम्ही सोलापुरात बघितलेला आहे. जुनी मिल १८७७ ची, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, एकेक करून बंद. भोंग्यावर घड्याळ लावणारं गाव हे. मिल तोट्यात होत्या, मशीन जुन्या होत्या, ते मान्य, त्या चालल्या असत्या असं मी म्हणत नाही. पण बंद पडल्यावर एकच प्रश्न उरला, जागेचं काय. कामगारांच्या देण्याचं काय हा प्रश्न कोर्टात गेला आणि जागेचा प्रश्न बिल्डरच्या ऑफिसात. आमचे वडील देण्याची वाट बघत गेले, त्याच सुमारास मिलच्या जागेत प्लॉट पडत होते. मुंबई बंदराकडं तर १८०० एकरच्या आसपास जमीन आहे, आणि ती मुंबईत! कोण कोण टपून बसलं असेल विचार करा. क्रूझ, मरीना, बाग, हे फोटोत सुरुवातीला दाखवतात. बाग आम्हाला पण दाखवली होती.

क्रूझला माझा विरोध नाही, येऊ द्या जहाजं, पोरांना काम मिळेल. म्हणणं एवढंच आहे की इंदिरा डॉक मालासाठी राहू द्या. साडेतीस मीटरच्या दारातनं मोठी जहाजं जात नाहीत, पण किनाऱ्याकिनाऱ्यानं कोचीन, मंगळूर, कांडल्याला माल नेणारी छोटी जहाजं आरामात जातात, आणि सध्या तोच माल ट्रकनं रस्त्यावरून चाललाय, डिझेल जाळत. ती गोदी बुजवायची अवदसा कुणाला आठवू नये. दुसरं म्हणजे जमिनीचं काय करायचं ते ठरवताना पेन्शनवाल्या गोदी कामगारांची आणि बंदराच्या जागेत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांची देणी आणि घरं आधी, प्लॉट नंतर. उलट्या क्रमानं केलं की काय होतं ते बघायला खुशाल सोलापूरला या, मी दाखवतो, जेवायला घरीच या.

आणि कधी त्या धक्क्यावर गोदीचं एखादं म्युझियम झालंच, तर माझ्याकडं ते पत्र्याचं 'यूज नो हुक्स' स्टेन्सिल अजून आहे. कपाटावर ठेवलंय, एका कोपऱ्याला गंजलंय, अक्षरं शाबूत आहेत. मंडळी दोनदा भंगारात घालायला निघाली होती. पाहिजे असेल तर कुरिअरचा खर्च मी करीन.

आपला,
एक निवृत्त शिपिंग क्लार्क,
सोलापूर