सायकल बघायला निघालो आणि…

श्टुटगार्ट, २० मे २०२५

प्रिय सुऱ्या,

नुसते फोटो टाकतोस, लिहीत काहीच नाहीस, ही तुझी तक्रार मान्य. आज उशिरापर्यंत लेक्चर नाही आणि सांगण्यासारखं खूप साठलंय, तेव्हा चहा घेऊन बस.

रविवारी सकाळी मी आणि शेजारच्या खोलीतली केरळमधल्या तलश्शेरीची मुलगी (तीच, जी माझ्या कांदेपोह्यांत खोबरं घालायला लावते) एक जुनी सायकल बघायला निघालो होतो. स्टेशनवर पोचलो आणि विकणाऱ्याचा मेसेज आला, सायकल कालच गेली. आता करायचं काय? इथे रविवारी दुकानं कडकडीत बंद. परत खोलीवर जायचं म्हणजे कपडे धुणं आणि असाइनमेंट. दोघांच्या मोबाईलमध्ये महिन्याचं तिकीट होतंच. मूळ किंमत यंदा, २०२५ मध्ये, ५८ युरो, आम्हा विद्यार्थ्यांना थोडं स्वस्त, आणि त्यावर देशभर कुठल्याही साध्या गाडीत बसता येतं. ती म्हणाली, पुढची जी एस-बान (इथली लोकल) येईल तिच्यात बसू आणि शेवटच्या स्टेशनला उतरू. पुढची आली एस-६. शेवटचं स्टेशन वाइल डेर श्टाट.

नाव ऐकून तुला काही आठवणार नाही, मलाही नव्हतं. गाव छोटं, जुना तट अजून बराच उभा. चौकात आलो तर समोर उंच चौथऱ्यावर एक दाढीवाला माणूस बसलेला, आणि खाली कोनाड्यांत चौघे. त्यातला एक कोपर्निकस. वर बघतो तर केप्लर! अरे, अकरावीला आपण ज्याचे ग्रहांच्या गतीचे तीन नियम घोकले तो केप्लर इथे जन्मला, २७ डिसेंबर १५७१ ला. मला का कोण जाणे, तो कायम प्रागमध्येच दुर्बिणी वगैरे घेऊन जन्मला असेल असं वाटायचं. घर चौकाला लागूनच आहे, तिथे छोटं संग्रहालय केलंय. आम्ही पोचलो तेव्हा दार बंद होतं. बेकरी तेवढी उघडी होती, तिथून दोन ब्रेत्सेल (पिळाचे खारे पाव) घेतले आणि पुतळ्याखाली बसून डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ले. शपथेवर सांगतो, भाकरीला मागे टाकत नाही पण जवळपास जातं.

केप्लरचं पुढे सांगतो, कारण खरं तर त्यासाठीच हे पत्र आहे.

तिथल्या थांब्यावर काल्व नावाच्या गावाची बस उभी होती. पूर्वी हा रेल्वेमार्ग होता, पण प्रवासी गाडी १९८३ मध्ये बंद पडली. पुन्हा सुरू करायचं काम हाती घेतलं, तर मधल्या बोगद्यांत वटवाघळं राहायला आलेली. मग काय, बोगद्याच्या आत आडोसा घालून वटवाघळांची बाजू वेगळी आणि गाडीची वेगळी! हे ऐकून मी जर्मन लोकांना मनातल्या मनात नमस्कार केला. आपल्याकडे माणसांचं पुनर्वसन होता होत नाही.

काल्व म्हणजे नागोल्ड नदीकाठचं लाकडी चौकटींच्या घरांचं गाव. जुन्या दगडी पुलावर एक माणसाएवढा पुतळा उभा आहे, हेरमान हेसे, १९४६ चं साहित्याचं नोबेल मिळालेला. मी भारावून फोटो काढतोय तर ही बाई शांतपणे म्हणते, "आमच्या गुंडर्टचा नातू ना हा?"

झालं असं की हेसेच्या आईचे वडील, हेरमान गुंडर्ट, मिशनरी म्हणून वीसेक वर्षं मलबारात होते. त्यांचा मल्याळम-इंग्रजी कोश १८७२ चा, आपल्या मोल्सवर्थसारखा, अजून लोक उघडतात. हेसेची आई १८४२ मध्ये तलश्शेरीलाच जन्मली. हिच्या गावात गुंडर्टचा पुतळा आहे, बंगला आहे, शाळेत धडा होता. हेसेचं नाव तिने इथे आल्यावर ऐकलं! पुलावर एक आजोबा कुत्रं फिरवत होते, त्यांना तिने आपल्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की मी गुंडर्टच्या गावची. आजोबांनी आम्हाला थेट बिशोफश्ट्रासे नावाच्या रस्त्यापर्यंत चालत नेलं आणि म्हातारपणी गुंडर्ट जिथे राहायचे ते घर दाखवलं. त्यांचं निम्मं बोलणं मला कळलं नाही, इथली श्वाबी बोली ही जर्मन आहे यावर माझा अजून विश्वास नाही.

तिथून नदीकाठाने चालत हिर्साउला गेलो. १६९२ मध्ये फ्रेंच सैन्याने जाळलेल्या मठाचे अवशेष आहेत. छान आहेत, पण पाय बोलायला लागले होते. संध्याकाळच्या गाडीने फोर्ट्सहाइममार्गे परत.

आता केप्लर. परतताना गाडीत मोबाईलवर वाचायला लागलो, आणि काल ग्रंथालयातून पुस्तकच आणलं. त्याच्या आईवर, काटारिनावर, १६१५ मध्ये चेटकीण असल्याचा आळ आला. शेजारच्या एकीने सांगितलं, हिने दिलेलं पेय पिऊन मी आजारी पडले. हे सगळं लेओनबर्गमध्ये, सकाळी आमची गाडी ज्या स्टेशनवर थांबली तिथे. केप्लर तेव्हा ऑस्ट्रियातल्या लिंत्समध्ये, बादशहाचा गणिती. १६१७ मध्ये तो या केससाठी तिकडून इथवर आला, वाटेत गॅलिलिओच्या वडिलांचं संगीतावरचं पुस्तक वाचत. पुढच्या वर्षी त्याला तिसरा नियम सापडला. १६२० मध्ये सत्तरीच्या आईला अटक झाली, चौदा महिने साखळदंडात. हा पुन्हा आला, मोठा लेखी बचाव तयार केला, सुनावण्यांना उभा राहिला. एका कारकुनाने तर नोंदीत लिहून ठेवलंय की कैदी दुर्दैवाने आपल्या मुलाला घेऊन हजर झाली आहे! शेवटी तिला छळाची हत्यारं दाखवून घाबरवलं, तरी ती कबूल झाली नाही, आणि १६२१ मध्ये सुटली.

हे वाचताना मला सारखा तू दिसत होतास. अण्णांच्या जमिनीच्या केससाठी पुण्याची नोकरी सोडून सांगलीला गेलास, तेव्हा ग्रुपवर सगळ्यांनी, आणि जास्त करून मीच, तुला करिअरवर भाषण दिलं होतं. तू काहीच बोलला नाहीस. मागे म्हणालास ना, मिरजेच्या एसटीत बसून पायथन शिकतोय? ते कुठवर आलं, कळव. आणि तुमच्या कोर्टातला तो कारकून तुझ्याबद्दल काय लिहितो तेही.

पुढची तारीख कधी आहे? माझी परीक्षा जुलैअखेर संपते, ऑगस्टमध्ये तीन आठवडे घरी आहे. तारीख त्यात पडली तर मी येणार, फायली उचलायला तरी. काकूंच्या गुडघ्याचं काय ठरलं, तेही नीट लिही. "बरं आहे" एवढंच लिहिलंस तर आईला चौकशीला पाठवेन.

तुझाच,
अभ्या